बिनचुलीचे गोड

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक नवाच पदार्थ झाला. तो करताना गॅस पेटला नाही, तुपाचा डबा उघडला नाही, साखरेला कुणाचा हात लागला नाही आणि दुधाचा थेंबही त्यात पडला नाही. तरीही पाडव्याच्या दुपारी ताटात जे आले ते गोड होते, देखणे होते आणि त्याने या डॉक्टरला चांगलाच धडा शिकवला. तो धडा आज वाचकांपुढे ठेवतो.

आमची सून पुण्याची. दोन वर्षांपूर्वी तिने दूध, दही, तूप, लोणी आणि मधही सोडले. प्राण्यांपासून मिळणारे काहीच खायचे नाही असा तिचा नेम आहे. अशा माणसांना व्हीगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये काही मंडळींनी एक संस्था काढली तेव्हा तयार झाला. आता तो पुण्या-मुंबईहून आपल्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. आमच्या घरात यावरून वाद नाही, पण सौभाग्यवतींची पंचाईत झाली. "दूध नाही, तूप नाही. मग सणासुदीला लेकराला वाढू तरी काय?" असे त्या मला चार वेळा म्हणाल्या.

सूनबाईंनीच तोड काढली. "आई, पाडव्याचं गोड माझ्याकडे. तुम्ही फक्त सीताफळं चांगली बघून आणा."

बीडमध्ये त्या दिवसांत सीताफळाला काय तोटा! बालाघाटाच्या डोंगरातले आपले सीताफळ. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. टोपलीभर सीताफळे आली आणि मी वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो.

टार्ट म्हणजे काय

टार्ट म्हणजे खाली जाडसर कवच, त्यात मऊ सारण आणि वर फळांची मांडणी. बेकरीत मिळतो त्यात मैदा, लोणी, साखर, साय असा सगळा थाट असतो. सूनबाईंचा टार्ट कच्चा होता, म्हणजे न भाजता, न शिजवता केलेला.

तिने २०० ग्रॅम बदाम मिक्सरमध्ये भरड केले. त्यात बिया काढलेला २०० ग्रॅम खजूर घालून पुन्हा फिरवले. खजुराच्या चिकटपणाने त्याचा गोळा झाला. तो गोळा तिने तळ निघणाऱ्या गोल भांड्यात बोटांनी थापला आणि कडेने वर चढवला. झाले कवच. सारणासाठी २०० ग्रॅम काजू सकाळीच भिजत घातले होते. ते पाणी काढून टाकले. काजू, १०० ग्रॅम खजूर आणि १०० ग्रॅम ओले खोबरे एकत्र वाटले. ते श्रीखंडासारखे मऊसूत झाले. त्यात सीताफळाचा गर हलक्या हाताने मिसळला. वर केळ्याच्या चकत्या, डाळिंबाचे दाणे. तीन तास फ्रीजमध्ये ठेवून त्याचे आठ तुकडे केले.

सौभाग्यवतींनी चव घेतली आणि निकाल दिला, "हा तर आपला लाडूच की! फक्त थापलेला."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. गणपतीत आपण खिरापत करतो. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस असे पाच 'ख' एकत्र केले की पंचखाद्य झाले. शेंगदाण्याचे कूट आणि गूळ कुटून केलेला लाडू तर आपल्या प्रत्येक घरात उपवासाला होतो. रमजानमध्ये आमच्या गल्लीतली मंडळी खजुरानेच रोजा सोडतात. फळे, खजूर आणि दाणे यांची सांगड आपल्याला नवी नाही. टार्ट हे नाव मात्र नवे.

दुसऱ्या एका कारणानेही हा पदार्थ मला आवडला. सीताफळाला आच सोसत नाही. गर शिजवला की त्याला कडवटपणा येतो. म्हणून तर सीताफळाची बासुंदी करताना दूध आटवून, गार करून मग गर घालतात. बिनचुलीच्या पदार्थासाठी सीताफळासारखे फळ नाही.

डॉक्टरांची चूक

आता माझी गोष्ट. मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, सकाळी फिरणे आहे, चहा बिनसाखरेचा. सणाला पुरणपोळी समोर आली तरी मी चतकोरावर थांबतो. त्या दिवशी मात्र सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बिनधास्त घ्या. यात साखर नाही." मी एक तुकडा घेतला. मग दुसरा घेतला. तोही नेहमीचे जेवण झाल्यावर!

वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला खजूर काय असतो हे माहीत नसते काय? असते. पण 'साखर नाही' हे दोन शब्द कानाला इतके गोड लागतात की डोके काम करायचे थांबते.

दोन तासांनी सहज म्हणून बोटाला सुई टोचली. एरवी जेवणानंतर माझा आकडा १६०-१७० च्या आसपास असतो. यंत्रावर २८७ आला. हात धुऊन पुन्हा तपासले. २८१.

तो आकडा पाहताना मला अप्पांचा गुळाचा चहा आठवला.

अप्पा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांना मधुमेह निघाला. कुणीतरी त्यांना सांगितले की साखर वाईट, गूळ चालतो, कारण गूळ नैसर्गिक. अप्पांनी साखर कडकडीत बंद केली आणि दिवसातून चार-पाच वेळा गुळाचा चहा सुरू केला. मी तेव्हा तिशीतला, नुकताच दवाखाना टाकलेला. मी त्यांना एकदा सांगितले, "अप्पा, गुळातसुद्धा बहुतेक साखरच असते." ते म्हणाले, "तुझ्या पुस्तकात असेल." मी पुन्हा बोललो नाही. वडिलांना दोनदा कसे सांगायचे, असा आमच्या पिढीचा संकोच होता. पुढे शेतात त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. पायाची जाणीव कमी झालेली असल्यामुळे तो त्यांना कळलाच नाही. जखम चिघळली, पाय काळा पडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर अप्पा चार वर्षे जगले. सगळा दोष गुळाच्या चहाचा होता असे मी म्हणणार नाही. मधुमेहात पाय जाण्याला अनेक कारणे लागतात. पण मी दुसऱ्यांदा बोललो नाही हे मला आजही टोचते. म्हणून या विषयावर मी आता दहादा बोलतो.

गणित मांडून पाहू

संध्याकाळी सून हिरमुसली होती. "बाबा, माझ्यामुळे तुमची शुगर वाढली." मी म्हटले, "वाढली ती माझ्या जिभेमुळे. कागद-पेन्सिल आण. आपण हिशेब करू."

बिनबियांच्या १०० ग्रॅम खजुरात साधारण ६३ ते ६५ ग्रॅम साखर असते. ही साखर कारखान्यातली नाही, फळातली आहे. पण रक्तात गेल्यावर ती आपला जन्मदाखला दाखवत नाही. टार्टमध्ये ३०० ग्रॅम खजूर होता. म्हणजे १९० ग्रॅम साखर त्यातूनच आली. सीताफळ, केळी आणि डाळिंब यांची मिळून आणखी ७५-८० ग्रॅम. एकूण झाली सुमारे २६८ ग्रॅम. आठ तुकडे केले, तर एका तुकड्यात सुमारे ३३ ग्रॅम. चहाचा एक चमचा ५ ग्रॅमचा धरला तर हे साडेसहा चमचे झाले. मी खाल्ले दोन तुकडे, म्हणजे तेरा चमचे! दोन चमचे साखरेच्या चहावरून मी रोज रुग्णांवर रागावतो.

आता उष्मांक. बदाम, काजू आणि खोबरे यांत तेलाचे प्रमाण भरपूर. १०० ग्रॅम बदामात सुमारे ५८० आणि काजूत ५५० उष्मांक असतात. पूर्ण टार्टचे झाले सुमारे ३९००. एका तुकड्यात ४९०. मध्यम आकाराच्या ज्वारीच्या भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागते आणि त्यात साधारण १७० उष्मांक असतात. माझे दोन तुकडे म्हणजे जवळजवळ सहा भाकरी. जेवणावर सहा भाकरी!

सूनबाई कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे खायचंच नाही का?"

तसे मुळीच नाही. या पदार्थाची दुसरी बाजू चांगली भक्कम आहे. खजुरात साखरेबरोबर तंतू म्हणजे चोथा असतो. बदाम-शेंगदाण्यांत चोथा, प्रथिने आणि हृदयाला मानवणारी स्निग्ध द्रव्ये असतात. त्यामुळे तेवढीच साखर सरबतातून गेली तर जितकी झपाट्याने रक्तात चढेल, तितकी या पदार्थातून चढत नाही. स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या त्रुटी दूर करून २०१८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. तिकडच्या आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदामासारखा सुकामेवा खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण कमी आढळले. ३० ग्रॅम म्हणजे एक छोटी मूठ. वाटीभर नव्हे. सगळी मेख या मुठीत आहे.

टार्ट बीडचा झाला

दुसऱ्या दिवशी भाऊबिजेला आम्ही तोच पदार्थ पुन्हा केला. या वेळी मी डॉक्टर, सून आचारी आणि सौभाग्यवती न्यायाधीश. बदाम-काजूच्या जागी शेंगदाणे आणि तीळ घेतले. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे बदामापेक्षा थोडी जास्तच. तिळात कॅल्शियम भरपूर, आणि दूध न पिणाऱ्याला ते हवेच असते. शिवाय बदाम-काजू सगळ्यांच्या खिशाला परवडत नाहीत. शेंगदाणे प्रत्येकाच्या डब्यात असतात. खजूर ३०० ग्रॅमवरून १०० ग्रॅमवर आणला. केळे काढले, त्या जागी पेरू घेतला.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी प्रमाण देतो.

खालच्या थरासाठी: शेंगदाणे १५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १०० ग्रॅम, सुके खोबरे २५ ग्रॅम, दोन वेलदोडे, चिमूटभर सुंठ, चिमूटभर मीठ.

वरच्या थरासाठी: सीताफळाचा गर २०० ग्रॅम, ओले खोबरे ५० ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस.

सजावटीला: डाळिंबाचे दाणे ५० ग्रॅम, एका पेरूच्या पातळ फोडी.

शेंगदाणे आणि तीळ मंद आचेवर भाजून घ्यावेत. इथे आम्ही सूनबाईंचा 'कच्चा' नियम मोडला. भाजलेल्या दाण्याला खमंगपणा येतो आणि ओल निघून जाते. तिनेही हसून परवानगी दिली. दाणे गार झाल्यावर साले पाखडून तीळ आणि सुक्या खोबऱ्यासह भरड वाटावेत. मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. मग खजुराचे बारीक तुकडे, वेलदोडा, सुंठ आणि मीठ घालून पुन्हा दोन-तीन वेळा फिरवावे. मुठीत दाबल्यावर मूद धरली की झाले. कोरडे वाटले तर चमचाभर उकळून गार केलेले पाणी शिंपडावे. ताटलीला खोबरेल तेलाचे बोट फिरवून मिश्रण अर्धा बोट जाडीचे थापावे आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवावे.

सीताफळाचा गर चाळणीवर हाताने घोळून बिया वेगळ्या कराव्यात. ओले खोबरे अगदी बारीक वाटून गरात मिसळावे आणि लिंबाचा रस घालावा. त्याने गर लवकर काळा पडत नाही. हा थर पसरून वर फळे मांडावीत. पुन्हा तासभर गार करून सोळा तुकडे करावेत. पदार्थ त्याच दिवशी संपवावा. उद्यासाठी ठेवू नये.

सीताफळाचा हंगाम संपल्यावर पिकलेली पपई घेता येते. पपईत साखर सीताफळाच्या निम्म्याहून कमी. मात्र पपईला पाणी सुटते. म्हणून फोडी पुसून घ्याव्यात आणि खाण्याच्या वेळी मांडाव्यात.

या टार्टच्या एका तुकड्यात साखर सुमारे साडेसात ग्रॅम, म्हणजे दीड चमचा. उष्मांक सुमारे १३०. भाऊबिजेला मी जेवणातली एक भाकरी कमी केली आणि एक तुकडा खाल्ला. दोन तासांनी आकडा १६८. एका माणसाचे एका दिवसाचे आकडे म्हणजे संशोधन नव्हे. तुमचा आकडा वेगळा येऊ शकतो. तो तुमच्याच बोटाला विचारावा लागेल.

सौभाग्यवतींचा निकाल: "आता याला आपल्या घरची चव आली."

करण्यापूर्वी हे वाचा

चूल ही नुसती अन्न मऊ करत नाही. ती जंतूही मारते. बिनचुलीच्या पदार्थात ते काम आपले हात, पाणी आणि सुरी यांच्या स्वच्छतेवर येऊन पडते. आपल्या जिल्ह्यात टँकरचे पाणी आणि पाच-सहा दिवसांनी येणारा नळ हे कुणाला सांगायला नको. साठवलेल्या पाण्यात धुतलेली फळे आणि न उकळलेल्या पाण्यात भिजवलेले काजू यांतून जुलाब, विषमज्वर, कावीळ घरात येऊ शकते. हात साबणाने धुवावेत. भिजवायला आणि वाटायला पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. भिजवलेला मेवा उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये. वीज गेली आणि फ्रीज तासन् तास बंद राहिला तर पदार्थाचा मोह सोडावा.

सीताफळाची एकही बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. ही बी विषारी असते. आपल्याकडे उवा मारायला तिची पूड डोक्याला लावतात. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. अशा रुग्णांना लाल डोळ्यांनी कण्हताना मी पाहिले आहे. चुकून अख्खी बी गिळली तर सहसा ती तशीच बाहेर पडते. धोका बी फुटण्यात, वाटण्यात आहे.

शेंगदाणे निवडून घ्या. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा किंवा कडू दाणा फेकून द्यावा. ओल लागलेल्या दाण्यांवर एक बुरशी वाढते. तिचे विष यकृताला घातक असते आणि ते भाजल्यानेही पूर्ण जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली होती, ती याच जातीच्या विषाने. 'फुटका-तुटका दाणा लाडवाला चालतो' ही काटकसर करू नका.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, काजू, डाळिंबाची मूठ देऊ नये. काही वर्षांपूर्वी दोन वर्षांचे एक बाळ दिवसभर खोकते म्हणून माझ्याकडे आणले. खेळता खेळता खाल्लेला शेंगदाणा श्वासनळीत अडकला होता. तातडीने मोठ्या दवाखान्यात पाठवले, दुर्बिणीने दाणा काढला आणि बाळ वाचले. प्रत्येकाचे नशीब एवढे बलवत्तर नसते. लहानांना द्यायचे तर अगदी बारीक वाटून, बसवून, समोर थांबून द्यावे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि डायलिसिसवर असलेल्यांनी हा पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. खजूर, खोबरे आणि दाणे यांत पोटॅशियम बरेच असते. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही आणि त्याचा घाला हृदयावर पडतो. शेंगदाणा किंवा काजू खाल्ल्यावर ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे असे काही झाले तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठावा.

खजुराने रक्त वाढते का

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबातली एक पोरगी सहाव्या महिन्यात माझ्याकडे आली होती. हिमोग्लोबिन ७.४. सासू मायाळू होती. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, रोज मूठभर खजूर खाऊ घालते. मग रक्त कसं वाढंना?" सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या पिशवीत तशाच होत्या. गोळ्यांनी मळमळते म्हणून बंद केल्या होत्या.

१०० ग्रॅम खजुरात लोह साधारण एकच मिलिग्रॅम असते. गरोदर बाईला सरकारकडून मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम असते. खजूर चांगला, पण तो गोळीची जागा घेऊ शकत नाही. आम्ही गोळी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर द्यायला सांगितली आणि चहा लांब ठेवायला सांगितला. तिला सरकारी दवाखान्यातही पाठवले, कारण एवढ्या कमी रक्ताला नुसत्या गोळ्या पुरतील असे नाही. तिथे तिला सुईवाटे लोह मिळाले. बाळंतपण सुखरूप झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. म्हणून खजुराच्या मायेबरोबर गोळीचा नेमही पाळायला हवा.

सूनबाईंची तपासणी

हिशेब एकतर्फी नको, म्हणून भाऊबिजेनंतर मी सूनबाईंना म्हटले, "तू माझा टार्ट सुधारलास. आता मी तुझे रक्त तपासतो."

फळे आणि दाणे यांवर राहण्याचा प्रयोग आपल्या देशात मोठ्या माणसानेही केला आहे. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले आणि काही काळ कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल यांवर ते राहिले. सूनबाईंच्या टार्टचीच जणू यादी! पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात ते अतिसाराने फार आजारी पडले. प्रकृती सावरायला माथेरानला गेले, तिथेही उतार पडेना. मुंबईत डॉक्टर दलाल म्हणाले की दूध घेतल्याशिवाय शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गाई-म्हशीचे दूध न घेण्याचा त्यांचा नेम होता. तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचवली. पुढे आयुष्यभर ते शेळीचे दूध घेत राहिले आणि नेम मोडल्याची खंतही त्यांनी लिहून ठेवली. त्यांच्या मनाचा निग्रह कमी पडला असे कोण म्हणेल? शरीराच्या गरजा निग्रहाला विचारून ठरत नाहीत.

आज आपल्याला यातला एक धागा नेमका माहीत आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते. फळांत, दाण्यांत, भाज्यांत ते भरवशाचे मिळत नाही. ते कमी पडले की थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, विसराळूपणा वाढतो, रक्त कमी होते. बराच काळ दुर्लक्ष केले तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. सूनबाईंचे बी-१२ बरेच कमी निघाले. थकवा तिला होताच, पण ती तो कामाच्या ताणावर ढकलत होती. मी दूध सुरू कर म्हणालो नाही. तिचा नेम तिच्या श्रद्धेचा आहे आणि आता गोळी मिळते. गोळी सुरू केली आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले.

"बाबा, मग तुमचंही तपासा की," ती म्हणाली. खरे होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होऊ शकते. मी दूध पिणारा, पण सहा वर्षे तीच गोळी घेणारा. माझेही कमी निघाले. आता सासरे-सून रोज एकच गोळी घेतो, ती पुण्याला आणि मी बीडला. सकाळी फोनवर "घेतली का?" एवढेच विचारतो.

शेवटी एवढेच

मागच्या आठवड्यात नेकनूरकडचे एक आजोबा दवाखान्यात आले. जुने मधुमेही. नातीच्या वाढदिवसाला असलाच काहीतरी बिनसाखरेचा केक येणार होता. त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, साखर नाही म्हणल्यावर खायला हरकत नाही ना?"

मी त्यांना म्हटले, "आजोबा, आधी नातीला विचारा त्यात खजूर किती, गूळ किती. मग आगपेटीएवढा तुकडा घ्या. त्या दिवशी एक भाकरी कमी खा. दोन तासांनी बोट टोचून बघा. आणि नातीच्या हातचं आहे, तर हसून खा."

आजोबा गेले आणि मला पुन्हा अप्पा आठवले. त्यांना मी एकदाच सांगितले होते. तुमच्या घरात कुणी गुळाचा चहा, मधाचे पाणी किंवा खजुराचा लाडू 'साखर नाही' म्हणून बिनधास्त खात असेल, तर त्यांना दुसऱ्यांदा सांगा. राग आला तरी तिसऱ्यांदा सांगा. आणि सांगून झाल्यावर त्यांच्यासाठी छोटा तुकडा तुमच्या हाताने कापून द्या.